रात्रीच्या सायकलसाठी टॉर्च घेताना: चाळिसाव्या मिनिटाचा उजेड

दिवाळीत भाचीने माउंटन बाईक घेतली आणि डिसेंबरात तिला आमच्याबरोबर रात्रीच्या फेरीला यायचं होतं. तिचा फोन आला. "मामा, दोन हजार ल्युमेनचा टॉर्च घेऊ की तीन हजारांचा?" मी विचारलं, "किती मिनिटांसाठी?" तिला प्रश्न कळला नाही. तिची काही चूक नव्हती, कारण डब्यावर तो आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि मिनिटं कुठेच नसतात. मग तिला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितो.

मी नाटकांच्या दिव्यांवर काम करतो. पार्ल्याचं दीनानाथ, दादरचं शिवाजी मंदिर, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, असा फिरत असतो. रात्रीचा प्रयोग संपून सामान टेम्पोत चढेपर्यंत बारा वाजतात. सोमवारी सहसा प्रयोग नसतो, म्हणून आमची पाच जणांची सायकलफेरी सोमवारी रात्री. भाईंदरमार्गे उत्तन-गोराईकडच्या कच्च्या वाटा, आणि महिन्यातून एकदा नेरळच्या पलीकडे पेब किल्ल्याच्या पायथ्याचे शेतरस्ते. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि येऊरच्या जंगलवाटा रात्री आपल्यासाठी नाहीत, तिथे जायचं नाही. आरे कॉलनीतून जायचं तर मोठ्या रस्त्यानेच, घोळक्याने आणि बोलत. तिथे बिबटे आहेत आणि २०२१ मध्ये माणसांवर हल्लेही झाले आहेत. टॉर्च कितीही चांगला असला तरी त्याच्या भरवशावर झाडीत शिरू नये.

शब्दाचा एक गोंधळ आधी मिटवतो. आमच्या गावी टॉर्चलाच "बॅटरी" म्हणतात. आजी म्हणायची, "बॅटरी घेऊन जा रे, वाटेत जनावर असेल." इथे मी हातातल्या दिव्याला टॉर्च म्हणतो आणि आत घालतो त्याला सेल.

सेल हलला की सगळं संपलं

माझा पहिला टॉर्च झूमवाला होता. पुढचं डोकं ओढलं की झोत बारीक होतो, तो. स्टेशनबाहेरच्या पथारीवरून साडेचारशे रुपयांना घेतला होता. खोलीत लावला तेव्हा समोरच्या इमारतीवर चौकोनी ठिपका पडला आणि मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या फेरीत उतारावर पुढचं चाक एका दगडावरून उडालं. टॉर्चमधला सेल क्षणभर उचलला गेला, करंट तुटला, परत जोडला गेला, आणि टॉर्चने ते बटण दाबलं असं समजून पुढचा मोड लावला. पुढचा मोड होता फडफडणारा, म्हणजे स्ट्रोब. फडफडत्या उजेडात दगड किती लांब आहे हे डोळ्याला कळतच नाही. वाट तुकड्यातुकड्यांनी पुढे उडी मारताना दिसते. मी ब्रेक दाबले ते चुकीच्या जागी. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं, आणि त्या सहा आठवड्यांत मला शिडीवर चढता आलं नाही. आमच्या कामात शिडी नाही तर पगार नाही.

म्हणून मी कुठलाही टॉर्च हातात घेतला की ल्युमेन नंतर बघतो. आधी मागचं झाकण उघडतो. सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग हवी, मागे आणि पुढेही. फक्त मागे स्प्रिंग आणि पुढे नुसतं पितळी बटण असेल तर धक्क्याला सेल मागे सरकतो आणि पुढचा संपर्क सुटतो. मग टॉर्च लावून, तोंडाकडची बाजू तळहातावर आपटायची, जोरात, दहा-बारा वेळा. उजेड लुकलुकला किंवा मोड बदलला तर तो टॉर्च घरात वीज गेल्यावर वापरायचा, सायकलवर लावायचा नाही. या एकाच तपासणीत निम्मे टॉर्च बाद होतात, असा माझा अनुभव आहे.

झूमवाला तर सायकलसाठी घेऊच नये. सरकत्या डोक्याच्या फटीतून पाणी आणि धूळ आत जाते. झोत बारीक केला की बाजूचा उजेड पूर्ण जातो, आणि रुंद केला की उजेडाची सपाट थाळी पडते, लांबचं काही दिसत नाही. सायकलवर दोन्ही एकाच वेळी लागतं.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

टॉर्च बनवणाऱ्यांसाठी अमेरिकेत २००९ साली एफएल१ नावाचं प्रमाण ठरलं. डब्यावर छोट्या चौकोनात जी चिन्हं असतात ती त्याचीच. ती नसतील आणि नुसतंच "५०,००० ल्युमेन" छापलं असेल तर डबा खाली ठेवा. चिन्हं असली तरी त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो.

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. या प्रमाणानुसार तो टॉर्च लावल्यापासून तीस सेकंदांनंतर, पहिल्या दोन मिनिटांत मोजतात. चालण्याचा वेळ मात्र उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. म्हणजे "२,००० ल्युमेन, २ तास" असं लिहिलेला टॉर्च दोन मिनिटं २,००० देऊन पुढचा बराच वेळ ५०० वर चालला आणि शेवटी २०० वर आला, तरी डबा खोटा ठरत नाही. हे बेकायदा नाही, पण उतारावर असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

अंतराचा आकडा त्याहून जास्त फसवतो. डब्यावरचं अंतर म्हणजे जिथे झोताच्या मध्यावर उजेड ०.२५ लक्स उरतो ती जागा. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. ०.२५ लक्स म्हणजे साधारण स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेचा उजेड. पौर्णिमेच्या उजेडात आपण पायी चालू, पण ताशी २० किलोमीटरने दगडगोट्यांतून सायकल हाकणार नाही. माझा हिशेब असा: वाटेवर मला निदान दहा लक्स हवे. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, दुप्पट लांब गेलं की चौथा हिस्सा उरतो. ३० मीटरवर १० लक्स हवे असतील तर ३० गुणिले ३० गुणिले १०, म्हणजे ९,००० कँडेला लागतात. कँडेला म्हणजे झोताच्या तीव्रतेचं माप. आणि ९,००० कँडेलाच्या टॉर्चच्या डब्यावर अंतर छापलेलं असतं १९० मीटर. म्हणजे डब्यावरचे १९० मीटर आपल्या कामाचे ३० मीटर असतात. हे एकदा लक्षात ठेवलं की दुकानात गणित करावं लागत नाही, छापलेल्या अंतराला सहाने भागलं की झालं.

३० मीटर का? ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दगड दिसणं, तो दगड आहे हे कळणं आणि हात ब्रेकवर जाणं यात दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे आठ ते अकरा मीटर गेलेच. मग मुरुमावर चाक घसरत थांबायला तेवढंच किंवा जास्त. २५ ते ३० मीटर दिसलं तर माणूस घाबरत नाही. वेग वाढवायचा असेल तर अजून हवं, पण मग मोठा टॉर्च, जड टॉर्च.

उलट ५००-६०० मीटर छापलेले टॉर्च मोहात पाडतात. ते लांब फेकणारे, बारीक झोताचे असतात. समोर नाण्याएवढा प्रखर गोल आणि बाजूला अंधार. वळणावर आपण जिथे जाणार तिथे काहीच दिसत नाही.

स्पॉट आणि फ्लड, दोन्ही

रंगमंचावर आम्ही एका दिव्याने सगळं उजळत नाही. फ्लडने मंच भरतो आणि स्पॉटने माणूस उचलतो. सायकलचंही तसंच आहे. हँडलवरचा टॉर्च रुंद झोताचा हवा आणि हेल्मेटवरचा थोडा एकवटलेला.

दोन टॉर्च कशाला, असं भाचीनेही विचारलं होतं. डोळ्याजवळ दिवा असला की वस्तूची सावली तिच्या मागे लपते आणि आपल्याला दिसतच नाही. सावली नाही म्हणजे उंची-खोली नाही. नुसत्या हेल्मेटच्या दिव्यात वाट रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट दिसते, खड्डा आणि काळा दगड सारखेच. हँडल डोळ्यांपेक्षा दीड-दोन फूट खाली असतं, तिथून पडणारा उजेड प्रत्येक दगडामागे सावली ओढतो, आणि त्या सावलीवरून दगड केवढा ते कळतं. आम्ही विंगेतून बाजूचा उजेड टाकतो तो याचसाठी, नाहीतर नटाचा चेहरा थाळीसारखा दिसतो. पण हँडलचा दिवा चाक जिथे वळेल तिथेच बघतो. अरुंद वळणात मान आधी वळते, चाक नंतर. तिथे हेल्मेटचा दिवा लागतो.

एकच घ्यायला पैसे असतील तर हँडलवरचा घ्या आणि पहिले काही महिने सावकाश चालवा. पण खिशात एक छोटा, अगदी पेन्सिल सेलवर चालणारा का होईना, दुसरा टॉर्च असल्याशिवाय निघू नका. उतारावर एकमेव दिवा गेला तर पुढचे दोन सेकंद तुम्ही आंधळे असता. मागे लाल दिवा तर हवाच, त्यावर चर्चा नको.

झोत तपासायला टॉर्च पांढऱ्या भिंतीवर एक-दोन मीटरवरून मारा. मध्ये उजळ गोल, त्याच्या कडेने हळूहळू विरत जाणारा उजेड, हे चांगलं. मध्ये काळं टिंब, कडेला पिवळी-निळी कडी, किंवा गोल एकदम कापल्यासारखा संपतो, हे वाईट. परावर्तक आतून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर कडा मऊ पडतात, आणि मला तोच आवडतो. गुळगुळीत आरशासारखा परावर्तक लांब फेकतो पण कडा तीक्ष्ण असते, आणि चालत्या सायकलवर ती कडा सतत वाटेवर नाचत राहते.

तांबडी माती तांबडी दिसली पाहिजे

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा उजेड देणारा तुकडा असतो आणि त्यावर पिवळसर लेप. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. तो निळा एलईडी शक्य करणाऱ्या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना, आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या धंद्यात हजार वॅटचे हॅलोजनचे "पार" नावाचे दिवे उतरून एलईडी चढले ते त्यानंतरच्या वर्षांत, आणि तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की नऊवारीचा लाल रंग नव्या दिव्यात विटकरी दिसतो. कारण स्वस्त एलईडीत लाल भाग अगदी कमी असतो.

आपल्या वाटा लाल-तपकिरी आहेत. मुरूम, कोरडी सागाची पानं, मुळं, वाळकं गवत, सगळ्या एकाच रंगाच्या छटा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर. थंड निळसर, म्हणजे ६,५०० केल्विनच्या उजेडात या सगळ्या राखाडी होतात. पानांच्या ढिगात पडलेली घोणस दिसायला हवी असेल तर तपकिरीवरचे गडद ठिपके वेगळे दिसले पाहिजेत. सापाचे डोळे मांजरासारखे चमकत नाहीत, त्यामुळे रंगाशिवाय दुसरी खूण नाही. म्हणून ४,००० ते ५,००० केल्विनचा आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचा एलईडी बघा. निचिया कंपनीचा ५१९ए हा अशांपैकी एक, आणि तो मिळणारे लहान टॉर्च बरेच आहेत. तेवढ्याच करंटवर तो थंड एलईडीपेक्षा थोडे कमी ल्युमेन देतो. खुशाल देऊ दे. हँडलवर माझ्याकडे तोच आहे.

धुक्यात मात्र रंगापेक्षा दिव्याची जागा महत्त्वाची. पावसाळ्यात ढग खाली उतरले की हेल्मेटचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो, कारण त्याचा उजेड थेंबांवर आपटून सरळ डोळ्यात येतो. तेव्हा तो बंद करायचा आणि हँडलच्याच दिव्यावर उतरायचं.

सेल, वजन आणि उष्णता

लहान टॉर्चमध्ये दोन मापांचे सेल चालतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. आकड्यांतच माप आहे. पहिल्याची खरी क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास, दुसऱ्याची ५,००० च्या आसपास. १८६५० वर ९,९०० लिहिलेला सेल मिळाला तर तो खोटा आहे, दुसरा विचार करू नका. सॅमसंग ३५ई किंवा एलजी एमजे१ असे नाव-क्रमांक असलेले सेल घ्या आणि तेही बसता धंदा करणाऱ्या दुकानदाराकडून, कारण नक्कल यांचीही होते. वजन हातात धरून बघा, १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. पिसासारखा हलका लागला तर परत द्या.

आता त्या सेलमध्ये किती उजेड मावतो ते बघा. ३.५ अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे १२.६ वॅट-तास. चांगला टॉर्च एका वॅटमागे शंभरेक ल्युमेन देतो. ६०० ल्युमेनला ६ वॅट, म्हणजे दोन तास. १,००० ल्युमेनला सव्वा तास. २,००० ल्युमेन चाळीसेक मिनिटांतच संपायला हवेत, पण प्रत्यक्षात तेवढेही टिकत नाहीत, कारण शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या त्या नळीला वीस वॅटवर तयार होणारी उष्णता बाहेर टाकताच येत नाही. टॉर्च तापतो आणि स्वतःला वाचवायला उजेड उतरवतो. उतरवलाच पाहिजे, न उतरवणाऱ्या टॉर्चची मला जास्त भीती वाटते.

आपल्याकडे हे लवकर होतं. मे महिन्यात रात्री अकरालाही हवा हलत नाही, अंगावर घाम सुकत नाही. चढावर सायकल चालण्याच्या वेगाने जाते, वारा लागत नाही आणि टॉर्च भाजायला लागतो. म्हणून चढावर १५० ते २०० ल्युमेन पुरे, तिथे वेगच नसतो. माथ्यावर थांबून पाणी प्यायचं आणि उतरताना ६००-८०० वर न्यायचं. उताराला वारा लागतो, त्याने टॉर्चही थंड राहतो. आमच्या फेरीत माझा एक १८६५० सेल असा दोन तासांहून जास्त पुरतो. जास्तीचा सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतो. किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर खिशात सुटा सेल कधीही टाकू नका, दोन टोकं जोडली गेली की तो पेट घेऊ शकतो.

हँडलवर २१७०० चालतो. हेल्मेटवर १८६५० पेक्षा मोठं काही नको. दीडशे ग्रॅमच्या वर गेलं की तासाभराने मान बोलायला लागते.

बटण

हातमोजे घालून, घामेजल्या अंगठ्याने, न बघता दाबता आलं पाहिजे. कमी-मध्यम-जास्त या मुख्य क्रमात स्ट्रोब किंवा एसओएस येता कामा नये. ते कुठेतरी तीनदा दाबून वगैरे लपवलेले असतील तर हरकत नाही. शेवटचा मोड लक्षात ठेवणारा टॉर्च बरा. बॅगेत आपोआप लागू नये म्हणून मागचं झाकण पाव आटा सैल केलं की बंद राहतो का, तेही बघा. आट्यांवर रंगाचा थर असेल तर राहतो, चकचकीत उघडे असतील तर राहत नाही.

कमी मोडवर टॉर्च फोनच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो उजेड भराभर बंद-चालू करून कमी केलेला आहे. चालत्या वाटेवर त्याने डोळे दुखतात आणि चाकाचे आरे तुटकतुटक दिसतात.

पाणी आणि खारी हवा

आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मुंबईच्या पावसाला सातच्या खाली येऊ नका. टॉर्चवरच चार्जिंगची खाच असेल तर तिचं रबरी झाकण ही पहिली कमजोर जागा. बघा, ते घट्ट बसतं का आणि नखाने तीन-चारदा उघडल्यावरही बसतं का. आणखी एक, टाइप-सी खाच असूनही काही टॉर्च दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत, जुन्या चौकोनी टोकाचीच वायर मागतात. दुकानातच लावून बघा.

उत्तन-गोराईची हवा खारट. दोन महिन्यांत आट्यांवर पांढरी भुकटी धरते, मग उजेड कारण नसताना कमी-जास्त होतो. महिन्यातून एकदा आटे आणि स्प्रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायची आणि रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा. व्हॅसलिन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात.

दुकानात आणि घरी

लोहार चाळीत दिव्यांची दुकानं आहेत, लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सची. दुपारी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच टॉर्च सारखे दिसतात. मी दुकानदाराला सांगतो, "शेठ, दोन मिनिटं जिन्याखाली बघून येतो, हवं तर मुलाला बरोबर पाठवा." नाही म्हणणारे थोडे. जिन्याखालच्या अंधारात झोत, आपटणं, कॅमेरा, बटण, एवढं पाच मिनिटांत होतं. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत बघून घ्या, कारण खरी परीक्षा घरी आहे.

बाथरूममध्ये बालदी उलटी ठेवा आणि तिच्यावर टॉर्च उभा करा, तोंड छताकडे. फोनमध्ये लक्स मोजणारं कुठलंही ॲप घ्या आणि फोन दाराजवळ स्टुलावर ठेवा, थेट उजेड पडणार नाही असा. बाकी दिवे बंद. टॉर्च उतारावर जेवढा लावणार तेवढ्यावर लावा आणि फोनवरचा आकडा १, ५, १०, २० आणि ४० मिनिटांनी लिहा. तो आकडा खरा लक्स नसेल, पण आपल्याला एका आकड्याची दुसऱ्याशी तुलनाच हवी आहे. एकदा टेबलफॅन लावून करा, तो उतार. एकदा पंख्याशिवाय करा, तो चढ. टॉर्च लागलेला असताना त्याला तोंडावर पालथा ठेवून जाऊ नका, खाली कापड असेल तर करपतं.

पंखा लावून चाळिसाव्या मिनिटाला पहिल्या मिनिटाच्या निदान तीन चतुर्थांश आकडा उरला पाहिजे. पाव हिस्सा हळूहळू उतरला तर डोळ्याला फारसं जाणवत नाही, आम्ही प्रयोगात डिमर एवढा सावकाश उतरवतो तेव्हा प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. पण निम्म्यावर आला असेल तर तो टॉर्च खालच्या मोडचाच आहे असं धरा, आणि त्या मोडचा उजेड पुरेसा वाटत असेल तरच ठेवा.

बांधणं

टॉर्च आणि हँडलच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नाहीतर दहाव्या धक्क्याला तो मान टाकतो. रबरी पट्ट्यांच्या माउंटला शेवटी नायलॉनच्या दोरीची एक गाठ, पट्टा तुटला तर टॉर्च चाकात जाऊ नये म्हणून. हेल्मेटवर मात्र फक्त वेल्क्रोचा पट्टा, हवेच्या खिडक्यांतून ओवलेला. तिथे स्क्रूने घट्ट काही बसवू नका. फांदी लागली किंवा आपण पडलो तर तो टॉर्च सुटून गेला पाहिजे. डोक्याला चिकटलेली धातूची नळी जमिनीवर आदळायला नको.

हेल्मेटच्या झोताचा मध्य सायकलवर बसून वीसेक मीटर पुढे लावा, हँडलचा त्याहून अलीकडे. समोरून माणूस आला की मान खाली घालायची. आरेतल्या पाड्यांची, उत्तनच्या कोळीवाड्यांतली माणसं रात्री त्याच रस्त्याने घरी जात असतात, त्यांचे डोळे दिपवून आपण पुढे निघून जायचं हे बरोबर नाही. कच्च्या रस्त्याच्या मधोमध कधी दोन लालसर निखारे दिसतात, जमिनीला टेकलेले. तो रातवा. तिथे उजेड कमी करून थांबा, तो पाच-सात सेकंदांत आवाज न करता उठून जातो. आणि पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजव्यांच्या दिवसांत गेलात तर झाडांजवळ सगळे टॉर्च बंद करून सायकल हातात धरून चाला. आपल्या उजेडात काजव्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही.

भाचीने शेवटी १,३०० ल्युमेन छापलेला, १८६५० चा टॉर्च घेतला. ४,००० केल्विन, दोन्ही टोकांना स्प्रिंग, बाजूला बटण. रविवारी रात्री तिने डोंबिवलीहून बाथरूमच्या दारात बसून फोन केला.

"मामा, पहिल्या मिनिटाला ६८ होता. आता चाळीस झाली. ५७ आहे."

"पंखा लावला होतास?"

"हो. पंख्याशिवाय ४४."

"चढाला काय लावणार?"

"सगळ्यात खालून दुसरा मोड."

"मग ठेव तो. उद्या साडेनऊला भाईंदर स्टेशन, पश्चिमेला. ट्यूबचा तुकडा मी आणतो."